कोरडी कपार

आडोसा दिसला की माणूस तिथे बसणारच. पंधरा वर्षं मी खिंडीखालच्या रस्त्यावर दरडी उपसते. गाडीतून उतरणाऱ्यांची ही खोड मला पाठ आहे. शिसारी येते मेल्यांची.

आपांना, माझ्या वडिलांना, जाऊन एकवीस दिवस झाले होते. त्यांच्या हाडांची राख मातीत कालवून लामांनी साच्यातून एकशेआठ इवलेसे स्तूप काढून दिले. आपा शेवटी मला एवढंच म्हणाले होते, "मला माझ्या आईजवळ ठेव. खिंडीच्या वळणावर, कोरड्या कपारीत. पावसात विरघळायला नको." आजीचे स्तूप त्यांनीच तिथे ठेवले होते, सिगेच्या जन्माआधी. त्यानंतर घरातलं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं.

सिगे माझा धाकटा भाऊ, याच रस्त्यावर ट्रक चालवतो. स्तूपांची टोपली मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी बसले. खिंडीवरच्या मोठ्या स्तूपाला त्याने ट्रकमधूनच प्रदक्षिणा घातली, हात जोडले आणि खिडकीतून विड्याची पिंक टाकली.

"लवकर आटप ताई, सिमेंट उतरवायचंय."

वळणावर उतरलो. कपारीच्या अलीकडेच वास आला. आत विष्ठा, चिखलात रुतलेले कागद, पोरांचे लंगोट, पिवळ्या पाण्याच्या बाटल्या आणि माश्या.

"दगडावरून ये," सिगे पुढून म्हणाला. "डावीकडे पाय टाकू नकोस, पाल्याखाली असतं."

मी थांबले. "तुला रे काय माहीत?"

"सगळेच ड्रायव्हर येतात इथे. वारा लागत नाही ना. खाली दुसरी कपार आहे, आपांना तिथे ठेवू."

"आपांना त्यांच्या आईजवळ जायचंय. मी कबूल केलंय. फावडं आण."

नाकाला रुमाल बांधून मी खरवडत गेले. थराखाली थर. तळाशी, भिंतीलगत, फावड्याला बोटभर मातीच्या स्तूपांची टोकं लागली. अर्धीअधिक विरघळून गेली होती. पाऊस तर तिथे कधी पोचतच नाही.

"कोणाचे गं हे?" सिगेने विचारलं.

"आजीचे."

तो भिंतीला हात टेकून वाकला, ओकायला लागला.

"इथे नको," मी म्हटलं. "बाहेर जा. येताना पाण्याचा कॅन आण. जागा तू धुणार, आणि ती वाळेपर्यंत आपांना मांडीवर घेऊन तूच बसणार. तुझं सिमेंट थांबेल."