चिमूटभर मोरचूद

मुलुंडच्या सुबोध परबला मातीचा एक मग डोळ्यांत खुपत होता. त्याच्या मेव्हण्यानं, मुकुलनं, स्वतःच्या हातानं केलेला. कान वाकडा, बूड डुगडुगतं. पण सुबोधची बायको अक्षता रोजचा चहा त्यातच घ्यायची, तोही मग दोन्ही हातांनी धरून. बारा वर्षांच्या संसारात आपण आणलेली एकही वस्तू बायकोनं अशी दोन्ही हातांनी धरली नाही, याची सुबोधनं मनात नोंद केली. गॅस सिलिंडर सोडून.

मुकुल गोरेगावला कुंभारकामाच्या क्लासला जायचा. चार रविवारांचे साडेतीन हजार.

"म्हणजे हा मग साडेतीन हजारांना पडला," सुबोध म्हणाला. "आणि वर गळतो."

"गळत नाही रे, जरासा पाझरतो. त्यानं केलं तरी काहीतरी. तू कर ना!"

झालं. सुबोध कामाला लागला. पतपेढीतल्या नोकरीत कर्जाचे अर्ज चाळायचा तसे त्यानं छंद चाळले. सुतारकाम: हत्यारं महाग आणि खालचे शेजारी भांडखोर. क्रोशा: सासूबाई टाके मोजणार. साबणावरचं कोरीवकाम: कलाकृती आंघोळीत विरघळणार. शेवटी वह्या बांधणं पास झालं. मुलीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं पडूनच होती, दाभण-दोरा घरात, पुठ्ठा मिक्सरच्या खोक्याचा, चिकटवायला मैद्याची खळ. मुकुलवर मात, आणि तीही फुकटात!

पहिली वही झुरळांनी दोन दिवसांत फस्त केली. खाली राहणारे दशरथकाका छापखान्यात बाइंडर होते. त्यांनी वहीचा कुरतडलेला कणा बघितला आणि पोट धरून हसले.

"खळीत मोरचूद घातलंस काय? नाय? मग मेल्या, तू वही नाय बांधलंस, झुरळांची पंगत वाढलंस!"

मोरचुदाची निळी पूड विषारी, म्हणून एका जुन्या डब्यात वेगळी खळ शिजली. अक्षतानं त्या डब्यावर लाल पेननं 'हात लावू नये' असं लिहिलं. दुसरी वही मात्र देखणी झाली. शिवण सरळ, कोपरे नेटके. सुबोधनं ती अक्षतासमोर ठेवली.

"झकास रे!" ती म्हणाली, आणि तिनं वही दोन्ही हातांनी धरली. सुबोधचा तो आठवडा मजेत गेला.

पुढच्या रविवारी ती दोघं गोरेगावला मुकुलकडे गेली. ती वही तिथे टेबलावर होती. पहिल्या पानावर मुकुलचं गिचमिड अक्षर, त्यावर चिखलाचा अंगठा.

"मीच दिली," अक्षता सहज म्हणाली. "त्याला मातीची मापं लिहायला हवीच होती."

सुबोधनं हातातली अर्धी चकली परत ताटलीत ठेवली.

"जिजू, कसली वही बांधलीय यार!" मुकुल म्हणाला. "मला शिकवा ना. मी चिखल कालवतोय नुसता, तुमच्या हाताला सफाई आहे."

एवढ्या कौतुकानं दुसरा कुणी विरघळला असता. सुबोधला फक्त एवढंच दिसलं की मगानंतर आता वह्याही हाच करणार, आणि अक्षता त्याही उराशी धरणार. त्यानं घसा साफ केला आणि सांगायला घेतलं. पानांचे जुडगे, दाभणानं भोकं, मेण लावलेला दोरा. मुकुल त्याच वहीत उतरवून घेत होता.

"आणि खळ?"

"मैदा, पाणी, मंद आच."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

अक्षतानं मान वर केली. "आणि मोरचूद?"

"अरे हो," सुबोध म्हणाला. "विसरलोच."

"हा विसरला!" अक्षता भावाला म्हणाली. "शेजाऱ्यांच्या विजेच्या बिलाची तारीख पाठ असते याला." तिनं मुकुलच्या हातातलं पेन काढून सुबोधपुढे धरलं. "घे. तूच लिही. तुझ्या अक्षरात."

सुबोधनं लिहिलं: मोरचूद, चिमूटभर. विषारी. नाहीतर झुरळं खातात.

त्यानं हात काढला तरी पान जागचं हललं नाही.

"ताई, बघ ना," मुकुल म्हणाला, "दाबून न धरताही कशी सपाट उघडी राहते! बाजारातली मिटते लगेच."

अक्षतानं वहीकडे पाहिलं. शिवणीवरून बोट फिरवलं. मग ती सुबोधकडे बघत राहिली, चांगली निवांत, जसं त्याला इतके दिवस हवं होतं तसं. आणि सुबोधला काही केल्या मान वर करता येईना.