माझ्या समासातले शब्द

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड शब्दकोश आहे. माझा जन्म छापखान्यात झाला, पण खरं आयुष्य मिळालं ते एका बाइंडरच्या दुकानात. माझी पाठ उसवली होती, म्हणून एका शिक्षकांनी मला तिथे शिवायला टाकलं. पुढे त्यांची बदली झाली आणि ते मला विसरले. बाइंडरनं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग मला आपल्या मुलीच्या हाती दिलं. "घे. आता याला प्रश्न विचार, माझं डोकं खाऊ नकोस!"

मुलगी दहा वर्षांची होती. शाळा सुटली की ती खळीच्या डब्याशेजारी बसून शिवायला आलेली पुस्तकं वाचायची. पानं सुटी असायची, त्यामुळे कधी मधलं आधी, कधी शेवट आधी. एकदा एका कादंबरीची शेवटची पानंच गहाळ होती.

"बाबा, पुढे काय झालं?"

"मला काय ठाऊक? मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही. तूच सांग."

तिनं शेवट रचून सांगितला. बाबांनी सुई थांबवून ऐकला. "त्या म्हाताऱ्याला मारू नकोस गं. त्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?"

तिनं म्हाताऱ्याला जगवलं. आपण कादंबरीकार झालो ते त्या दुपारी, असं ती मोठेपणी सांगायची.

बाबा फारसे शिकलेले नव्हते, पण दमट हवेनं कडा वळलेलं पान दिसलं की म्हणायचे, "हे रुसलंय." तिनं मला उघडून पाहिलं. माझ्यात 'रुसणे' होतं, पण रुसत होती ती फक्त माणसं. तिनं पेन्सिलीनं समासात लिहिलं : 'पानही रुसतं. — बाबा.' खरं सांगतो, मला राग आला. छापील अंगावर ही रेघोटी कशाला?

मग तिच्या मावशीचा शब्द आला. धुतलेले कपडे अर्धवट वाळले तर आपण त्यांना आंबट-ओले म्हणतो. मावशी म्हणाली, "रडून झालंय, पण मन अजून आंबट-ओलं आहे." तोही समासात गेला. पाठोपाठ शेजारच्या शिंप्याचा, दूधवाल्या काकूंचा आणि बाबांचे तर कितीतरी. हळूहळू माझा राग मावळला. माझ्यात शब्द पुष्कळ होते, पण त्यांना आवाज नव्हता. तो या माणसांनी दिला. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

मुलगी मोठी लेखिका झाली. लोक तिच्या भाषेचं कौतुक करायचे, तेव्हा ती म्हणायची, "मी फक्त कान उघडे ठेवले." पुढे घरात कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी कपाटावर, बॅगांच्या खाली झाली. बारा वर्षं मी धूळ खाल्ली. कसरीनं माझे कोपरे कुरतडले.

त्याच काळात बाबा गेले. तिला त्यांच्यावर कादंबरी लिहायची होती, पण जमेना. तीनदा लिहून तिनं तीनदा पुसली. शेवटी आपल्या लेकीला म्हणाली, "बाबांचा चेहरा दिसतो, पण ते बोलतच नाहीत. मी आता लिहिणं बंद करते."

दुसऱ्या दिवशी लेक बॅग काढायला स्टुलावर चढली आणि मी धाडकन खाली पडलो. पाठ तुटली, पानं घरभर पसरली.

"आई, अगं हे बघ! यात सगळीकडे आजोबा आहेत!"

लेखिका फरशीवरच बसली. एकेक पान उचलून वाचू लागली. आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला. चहा गार झाला, उन्हं उतरली. तिनं लेकीकडे कागद मागितला आणि तिथेच लिहायला बसली. वर्षभरात कादंबरी पुरी झाली. तिच्यात बाबा पानापानावर बोलतात. मग तिनं स्वतः सुई-दोरा घेऊन मला शिवलं. टाके वाकडे आले, पण मी त्या दुरुस्तीवर खूश आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना काचेच्या कपाटात ठेवू नका, उघडा. मात्र बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका, तेवढी मेहेरबानी करा! आणि घरातलं एखादं माणूस शब्द वेगळ्याच तऱ्हेनं वापरत असेल, तर त्याला हसू नका. जवळ बसा, पुन्हा म्हणायला सांगा आणि लिहून ठेवा. खाली त्याचं नाव घालायला विसरू नका.