गुलाबकळ्यांची पुडी

२००५ साली सासूबाई मँचेस्टरला आल्या आणि त्यांच्या छातीत काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं. जीपीचे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे, सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी वैतागून मी त्यांना चिनी औषधं देणाऱ्या मिसेस लाऊंकडे नेलं.

बाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि मला म्हणाल्या, "यांना विचारा, कोणावरचा राग गिळताय?"

मी मराठीत विचारलं. सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मिसेस लाऊंना भाषांतर लागलंच नाही. काय नजर बाईंची! अडकलेला राग मोकळा करायला त्यांनी सुकवलेल्या गुलाबकळ्या तोलून पुडीत घातल्या. मग माझं मनगट न धरताच त्यात आणखी मूठभर टाकल्या.

"दोघींसाठी," त्या म्हणाल्या. "एकाच किटलीत."