नखावरची पांढरी रेघ

दर्यापूर रोडवरच्या बंद जिनिंगच्या आवारात चैत्र पौर्णिमेच्या सकाळी एवढी माणसं जमली होती, की कापसाच्या ऐन हंगामातही तिथे इतक्या गाड्या कधी लागल्या नसतील. आणि आलेला प्रत्येक जण दुसऱ्याची नखं पाहत होता.

"आली काय व रेघ?"

"दोन आल्या. तुले?"

"मले एकच. माहं औषध सुस्त हाये, बाप्पा."

भावनाने आईचा हात उचलून पाहिला. सत्यवतीच्या दहाही नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. एकाखाली एक, तीन. कोणी खडूने आखाव्यात तशा.

"पाय, पाय," सत्यवती कौतुकाने म्हणाली. "अख्ख्या गावात तीन रेघा मलेच हायेत."

भावना नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. मातीत, पाण्यात, धान्यात कोणतं मूलद्रव्य किती सूक्ष्म प्रमाणात आहे हे मोजण्याचं काम. तीन महिन्यांनी ती घरी आली होती. आईचे हात काळवंडलेले, तळवे खरखरीत, आणि आल्या आल्या हे नखांचं प्रदर्शन. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं.

मंचावर प्रोफेसर किरणानंद उभे होते. प्रोफेसर कुठले, हे कोणी विचारलं नव्हतं. अंगात पांढरा कोट, खिशाला चार पेनं. कपाळ मात्र कोरं. ना गंध, ना भस्म. सगळ्या धर्मांच्या गिऱ्हाइकांना चालावं म्हणून ठेवलेलं. मागे अणूचं भलंमोठं चित्र आणि टेबलावर एक करडं यंत्र, ज्याला वायरीने जोडलेली एक नळी.

"देव-धर्म मला कळत नाही!" ते माइकवर गरजले. "मी सायन्स बोलतो. तुमच्या बोअरमध्ये काय आहे? क्षार! क्षार कुठं जातो? किडनीत! किडनी काय सोडते? ऋणकिरण! माझं अणुभस्म काय सोडतं? धनकिरण! ऋण आणि धन भिडले की उरतं काय?"

"शून्य!" आवार दुमदुमलं.

हा खारपाणपट्टा. इथलं पाणी खारट, आणि किडनी गेलेला एखादा तरी माणूस प्रत्येक आळीत. प्रोफेसरांनी दुखरी नस बरोबर पकडली होती.

सत्यवती खुर्चीवर बसली. मदतनिसाने तिच्या कमरेला पांढरा पट्टा बांधला. पहिल्या महिन्यात लाल पट्टा, दुसऱ्यात पिवळा, तिसऱ्यात हिरवा, चौथ्यात पांढरा, असा क्रम होता. प्रोफेसरांनी नळी तिच्या पोटाजवळ नेली.

किट. किट-किट. किट.

"एकशे सव्वीस!" प्रोफेसरांनी आकडा वाचला. "संक्रांतीच्या पौर्णिमेला किती होते, ताई?"

"चारशे बारा," सत्यवती म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

भावनाने यंत्र ओळखलं. किरणोत्सार मोजायचं साधं यंत्र. तिच्या प्रयोगशाळेत असली दोन होती. यंत्र खरं होतं. पण माणसाची किडनी किट-किट करत नाही, हेही तितकंच खरं होतं.

"पुढच्या पौर्णिमेला शेवटचा निळा पट्टा," प्रोफेसर म्हणाले. "अन् शेवटची मोठी पुडी. मधे एक दिवस जरी भस्म चुकलं, तर पुन्हा लाल पट्ट्यावर!"

घरी पोचल्यावर सत्यवती अंगणातून ओसरीवर आली. तिच्या उजव्या पायातली चप्पल अंगणातच राहिली होती. तिला ते कळलंच नाही.

"आई, तुझी चप्पल."

सत्यवतीने खाली पाहिलं. "असं होते आजकाल. पाय झोपल्यावानी लागते. पण गुडघ्यायकडं पाय! जिना चढून राहिली मी."

"पायाला चप्पल कळत नाही, अन् तू गुडघ्याचं कौतुक करून राहिली?"

देवराव, भावनाचे वडील, पोस्टातून निवृत्त झालेले. ते भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी इले हेच म्हणतो. बावीस प्रतिज्ञा टांगल्या घरात, अन् घरची बाई महाराजाच्या लाइनीत."

"महाराज कायचा?" सत्यवती उसळली. "थो देवाचं नाव तरी घेते काय? तीस वर्षांत मी कोण्या देवळाची पायरी चढली नाही. अंगारा नाही, गंडा नाही. हे मशीन हाये! आकडा दाखवते!"

इथेच खरी मेख होती. या घरातली माणसं देवाच्या नावाने फसली नसती. त्यांना फसवायचं तर आकडाच दाखवायला हवा होता.

भावना शेजारच्या हलीमाबीकडे गेली. हलीमाबी शिवणकाम करायची, आणि तिचा नवरा नबीही सत्यवतीच्या महिनाभर मागून भस्म घेऊ लागला होता. भावनाने त्याचं कार्ड मागितलं. नबी: चारशे सहा, तीनशे दोन, दोनशे अठरा. सत्यवती: चारशे बारा, तीनशे पाच, दोनशे चौदा. एक पंचावन्नची बाई, एक सत्तरीचा म्हातारा, आणि दोघांचे आजार हातात हात घालून जिना उतरत होते. दोघांत सारखं होतं ते फक्त पट्ट्यांच्या रंगांचं.

मग तिने पट्टीने आईच्या नखावरच्या रेघा मोजल्या. दोन रेघांत अंतर जेमतेम तीन मिलिमीटर. नख महिन्याला साधारण तेवढंच वाढतं.

"आई, तो मोठी पुडी केव्हा केव्हा देतो?"

"दर पौर्णिमेले."

भावनाने पट्टी खाली ठेवली. नखावर अशी आडवी पांढरी रेघ कधी उमटते हे तिने वाचलं होतं. कारणं अनेक असतात, पण त्यातलं एक विष आहे. महिन्याला एक मोठा डोस, महिन्याला एक रेघ. आई जे मिरवत होती ती बहुधा पावती होती.

"ह्या पुडीत संखिया असेल, आई. बंद कर."

"असेल! 'असेल'वर मी पुन्हा लाल पट्ट्यावर जाऊ?" सत्यवतीने हात सोडवून घेतला. "तू मोजते न नागपूरले? मोजून आण. कागदावर निघालं तं सोडीन. नाही निघालं तं निळा पट्टा होईलोक तोंड उघडायचं नाही."

भावनाने आईच्या केसांची पातळ बट मुळाशी कापली, मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधलं. वडिलांचेही केस घेतले. एक पुडी पर्समध्ये टाकली. वैशाख पौर्णिमेला एक महिना होता, आणि त्या महिन्यात आई रोज सकाळी चिमूटभर तेच खाणार होती.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढताना रक्तातलं थोडं थोडं स्वतःत साठवत जातो. म्हणून भावनाने बटेचे मुळापासून एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले. प्रत्येक तुकडा म्हणजे आईच्या आयुष्यातला एक महिना. ते तुकडे, बाबांचे केस आणि चिमूटभर भस्म तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांच्या प्रकल्पातून मुंबईच्या अणुभट्टीत गेलं. तिथे न्यूट्रॉनचा मारा झाला की नमुन्यातल्या मूलद्रव्यांचे काही अणू अस्वस्थ होतात आणि आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण सोडू लागतात. घरात पाठमोरं बसूनही पावलांवरून कोण आलं ते कळतं, तसं त्या किरणांवरून मूलद्रव्य कळतं. आणि पावलं मोजली की ते किती आहे तेही. एका केसातला कोट्यवधीतला एखादा भागसुद्धा सुटत नाही. उरलेल्या भस्माची नागपूरला रासायनिक तपासणी झाली.

निकाल आला तेव्हा पौर्णिमेला दोन दिवस होते. भावना घरी निघाली. आई मात्र कागद वाचायला थांबली नाही. "तठीच वाच," म्हणाली, "प्रोफेसरासमोर. थे काय म्हणतात थेही आयकू."

बुद्धपौर्णिमेची सकाळ. विहारात खीर वाटली जात होती आणि सत्यवती जिनिंगच्या आवारात निळ्या पट्ट्याच्या रांगेत उभी होती. देवराव आणि हलीमाबी सोबत होते. आईचा नंबर लागला तशी भावना मंचावर चढली.

"सर, माझ्या आईच्या केसांत आर्सेनिक निघालंय. म्हणजे संखिया."

रांगेत कुजबुज सुरू झाली. प्रोफेसर मात्र हसले. तयारीचा गडी होता.

"निघालंच पाहिजे! ऐका हो, पोरगी काय सांगते! बोअरच्या पाण्यातलं विष माझं भस्म केसावाटे बाहेर काढतं. हा रिपोर्ट नाही, माझं सर्टिफिकेट आहे!"

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "उतर व खाली! दोन बुकं शिकली अन् मास्तरीण झाली!"

भावनाने आवाज चढवला नाही. "तेच पाणी माझे बाबा चाळीस वर्षं पितात. भस्म खात नाहीत. त्यांच्या केसांत नावापुरतंच आहे. आईच्या केसांतही संक्रांतीपर्यंत नावापुरतंच. भस्म सुरू झालं त्या महिन्यापासून प्रमाण पंचेचाळीस पटींनी चढलंय. अन् हे पुडीचं मोजमाप. रोजच्या एका चिमटीत दोन मिलिग्रॅम. सरकारने पिण्याच्या पाण्यात जास्तीत जास्त जेवढं चालेल म्हटलंय, तेवढ्या प्रमाणाने दोन लिटर पाण्यातून पोटात जाईल त्याच्या शंभरपट. शिवाय गुडघ्यांचं दुखणं दाबणारं स्टेरॉइड. म्हणून आई जिना चढते. अन् संखिया, म्हणून तिला पायातली चप्पल कळत नाही."

"कागद!" प्रोफेसर माइकमध्ये फुत्कारले. "कागदावर कोणीही काहीही लिहून आणेल. यंत्र खोटं बोलत नाही!"

"बरोबर. यंत्र खोटं बोलत नाही." भावना वळली. "बाबा, तो कोहळा काढा."

आवाराच्या फाटकावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगला होता. ऋण-धन किरणांचे प्रोफेसर, पण नजरेची भीती होतीच. देवरावांनी तो उतरवून खुर्चीवर ठेवला. मदतनीस काही समजायच्या आत भावनाने टेबलावरचा लाल पट्टा उचलून कोहळ्याला बांधला आणि नळी टेकवली.

किटकिटकिटकिटकिट.

"चारशे नऊ," ती म्हणाली.

मग रांगेतून आवाज आला, "कोहळ्याले किडनी कवा आली बे?"

हशा उसळला. भावनाने पट्टे बदलले. पिवळा: तीनशे आठ. हिरवा: दोनशे अकरा. पांढरा: एकशे एकवीस. कोहळा चार मिनिटांत बरा होत चालला होता, तेही भस्म न खाता. निळा बांधला: छत्तीस.

"पट्टा फाडू नका, ते इन्स्ट्रुमेंट आहे!" प्रोफेसर पुढे झेपावले. फाडायचं कोणी बोललंही नव्हतं.

हलीमाबी मंचावर आली. तिने कनवटीची छोटी कात्री काढली. "फाडते कोण? टाका माहा हाये, मीच उसवते. ह्याच्या माणसानं शिवाले आणले होते हे पट्टे. आत फिल्टर हाये म्हने."

तिने लाल पट्ट्याचे चार टाके सोडले. अस्तरातून पांढरी, मऊ जाळीची पिशवी बाहेर आली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"ही तं बत्तीची जाळी!" एक म्हातारा ओरडला. लग्नात डोक्यावर मिरवायच्या त्या गॅसबत्त्या त्याने पाहिल्या होत्या.

"हो," भावना म्हणाली. "प्रकाश लख्ख पडावा म्हणून या जाळ्यांत थोरियम नावाचं मूलद्रव्य घालत. ते जरासं किरण सोडतं. लाल पट्ट्यात चार जाळ्या, पिवळ्यात तीन, हिरव्यात दोन, पांढऱ्यात एक. निळ्यात काहीच नाही. तो मोजत होता जाळ्या, अन् आपण समजत होतो आजार."

"मग निळ्यावर छत्तीस कायचे?"

"तेवढे दगडामातीतून, आकाशातून सगळीकडे येतात. इथे कोणी नसलं तरी येतील. शून्य कधीच येणार नव्हतं. म्हणजे पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बोलवायची सोय."

हलीमाबीने पट्टा प्रोफेसरांच्या तोंडासमोर धरला. "माह्या बुढ्याले तीन महिने झाले हे खाऊन. माह्याच हातानं शिवून घेतलं तू, हरामखोरा!"

प्रोफेसर मागच्या दाराने निघाले होते. तिथे त्यांच्याच गाडीला रांगेतल्या लोकांनी वेढा घातला होता. पोलिसांना फोन गेला. संध्याकाळपर्यंत औषध प्रशासनाचे लोकही आले, आणि पुड्यांची पोती सील झाली. पोलीस चौकशीत 'अणुभस्मा'चं गुपित निघालं. कुठल्याशा जुन्या चोपडीतला सोमलाचा, म्हणजे संखियाचाच, अर्धवट नुस्खा आणि मेडिकलमधून आणून कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. नखावर रेघा उमटतात हे त्याला गिऱ्हाइकांमुळेच कळलं होतं. का उमटतात हे न विचारता त्याने तीच जाहिरात केली.

सत्यवती या सगळ्यात खुर्चीशेजारी उभी होती. कोहळ्याकडे बघत. "मी देव मानला नाही," ती हळूच म्हणाली, "अन् कोहळ्यासंगं लाइनीत लागली."

अकोल्याच्या दवाखान्यात सत्यवती आणि नबी दोघांवर उपचार झाले. स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही, डॉक्टरांनी ते बेताबेताने उतरवलं. गुडघे पुन्हा दुखू लागले. ते खरं दुखणं होतं, आणि त्याच्यावरचं खरं औषध हळू चालतं. पायांचा बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. कदाचित जाणारही नाही. तो माणूस फक्त खोटं बोलला असता तर हसून सोडलं असतं. त्याने एका बाईच्या पायातली जाणीव चोरली, आणि तिच्याकडून टाळ्याही घेतल्या.

आता तो गेला, पण दुसरा येईल. कदाचित त्याच्या हातात याहून मोठं यंत्र असेल, पडद्यावर रंगीत आलेख असतील. यंत्र पाहून हात जोडणं म्हणजे दगड पाहून हात जोडण्यासारखंच आहे. आकडा दिसला की विचारा, हा कशाचा आकडा? माझ्याऐवजी कोहळा बसवला तर किती येईल? जो खरं मोजतो तो आनंदाने कोहळा बसवून दाखवतो. जो चिडतो, त्याची पुडी गटारात टाका.

दिवाळीच्या सुमारास भावना पुन्हा घरी आली. सत्यवती ओसरीवर बसून नखं कापत होती. एकेक रेघ वर सरकत सरकत टोकाला आली होती. शेवटची पांढरी रेघ असलेलं अंगठ्याचं नख तिने कापलं, कागदावर ठेवलं आणि बोट लेकीसमोर धरलं.

"मागून काही येऊन राहिलं काय? नीट पाय. तुही पट्टी घे."

भावनाने पट्टी आणली आणि नख मुळापासून टोकापर्यंत पाहिलं.

"काही नाही, आई. कोरं आहे."

"हं," सत्यवती म्हणाली. "आता दुसरं मोज."