टर्नर असंच लिहा, शेठ

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. लोखंडाचा दांडा माझ्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, घट्ट बांधायचा, मला सुरू करून तो गरगर फिरवायचा आणि धारदार टूल लावून त्याला हवं ते माप द्यायचं, हे माझं काम. अंगानं मी दांडगा आहे, पण मापात केसाएवढी चूकही मला खपत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते खरं आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी या छोट्या वर्कशॉपमध्ये आलो. शेठ तेव्हा तरुण होते. ते स्वतःच मला चालवत. पुढे ऑर्डरी वाढल्या, शेठ टेबलामागे गेले आणि माझ्यासमोर माझा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, येऊन उभा राहिला. कामापुरतं बोलणारा माणूस. संध्याकाळी माझ्यावरचा लोखंडाचा कीस झाडून, फडक्यानं पुसून, तेल घातल्याशिवाय त्यानं कधी हात धुतले नाहीत. आमच्या हातचा शाफ्ट घेताना गिऱ्हाईक म्हणायचं, "याचं माप काय तपासायचं? बरोबरच असणार!" मी मनातल्या मनात फुगायचो.

एक दिवस टर्नरला परदेशातल्या एका कारखान्यातून नोकरी चालून आली. पण नुसतं "या" म्हणून तिथे भागत नाही. नोकरी कायमची आणि पूर्ण वेळेची हवी, हंगामी चालत नाही. ऑफरमध्ये कामाचं नाव, तास आणि पगार लिहिलेला हवा. शिवाय तेच काम आपण आधी केल्याचा दाखला जुन्या मालकाकडून आणावा लागतो. शेठनी दाखला दिला, आणि हात सैल सोडून दिला. कौतुकाच्या भरात त्यांनी लिहिलं, 'आमचे फोरमन'. आमच्याकडे फोरमनच्या हाताखाली द्यायला एक मांजर सोडलं तर कुणीच नव्हतं.

तिकडच्या सरकारी कचेरीनं टर्नरचा कामाच्या परवान्याचा अर्ज अडवला. टर्नरची बायको ते उत्तर घेऊन वर्कशॉपमध्ये आली.

"शेठ, इथेच घोडं पेंड खातंय. ऑफर टर्नरची आणि दाखला फोरमनचा. ते विचारतात, हा माणूस दुसऱ्यांकडून काम करून घेत होता, तर मग टर्नरचा अनुभव कुठाय? महिनाअखेरपर्यंत नवा दाखला गेला नाही, तर ऑफर गेली."

शेठना ते लागलं. "इतक्या वर्षांच्या माणसाला मी साधा टर्नर लिहू? लोक म्हणतील, जाता जाता खाली उतरवला."

"टर्नर असंच लिहा, शेठ. मी तेच आहे," टर्नर म्हणाला.

शेठ टेबलामागे जाऊन बसले. दिवस जात राहिले, दाखला काही निघेना. खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. माझा माणूस माझ्यापाशीच राहिला असता. पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका सकाळी आटे पाडताना त्याच्या हातून टूल तुटलं. त्याचा उतरलेला चेहरा मी अगदी जवळून पाहिला आणि मला फार वाईट वाटलं.

आवाज ऐकून शेठ उठून आले. त्यांनी तुटका तुकडा उचलून पाहिला, मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "दुसरं टूल लाव. तू काय काय करतोस, ते बघून लिहितो."

ड्रॉइंग वाचणं, दांडा चकमध्ये बांधणं, टूलला धार लावणं, आटे पाडणं, माप तपासणं. टर्नरनं शेवटी फडकं हातात घेतलं, तेव्हा शेठनी विचारलं, "हेही लिहू?"

"लिहा. रोजच करतो."

परदेशी कचेरीत गेलेल्या कागदावर माझी साफसफाई नोंदलेली आहे, याचा मला आजही अभिमान आहे. सगळं लिहून झाल्यावर शेठनी वर हुद्दा लिहिला, टर्नर, आणि सही केली.

अर्ज मंजूर झाला आणि तो गेला. माझ्यावर लोक जेवणाचे डबे आणि चहाचे कप ठेवू लागले. तेल कोण घालणार? गंज चढला. शेठनी माणसं आणली, पण चार दिवस काम करून ती निघून जात.

मग एक बाई आल्या. शिकलेल्या टर्नर, हातात कामाची सवय. त्यांनी आधी माझ्यावरचे कप उचलून बाजूला ठेवले आणि मगच शेठकडे वळल्या.

"काम काय, तास किती, पगार किती, नोकरी कायमची का, हे लिहून द्याल?"

"ताई, इथे आजवर सगळं तोंडी शब्दावर चाललंय."

"मागच्या ठिकाणीही तसंच होतं. म्हणूनच विचारते."

शेठनी माझ्यावर चढलेल्या गंजावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी नोकरी लिहून दिली.

मित्रांनो, यंत्राला रोज तेल लागतं, ते चुकवू नका. आणि तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसाचं काम काय, त्याचा हक्क काय, हे तो तुमच्याजवळ असतानाच लिहून द्या. माझ्या टर्नरला तसा कागद परक्या देशातून आला. तसा कागद आधी शेठच्या टेबलावर लिहिला गेला असता, तर माझा माणूस गेला असता का, हे मला सांगता येत नाही. शेठनाही येत नाही.