दुधात पाणी कुणी घातलं?

मी दूध प्यायची बाटली बोलतेय. बोलतेय खरी, पण तुम्ही कोण, कशासाठी ऐकताय आणि ऐकून पुढे कुणाला सांगणार आहात, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. माझा स्वभावच संशयी आहे. तो असा का झाला, तेच तर सांगायचं आहे.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडले, तेव्हा मला पहिल्यांदा पाहिलं ते एका तपासनीस बाईंनी. त्यांनी मला उजेडासमोर धरलं, उलटी केली, हवेचा बुडबुडा आहे का पाहिलं, तडा आहे का पाहिलं. काही सापडलं नाही म्हणून पुन्हा पाहिलं. दुकानात फळीवर होते तेव्हाही येणारा प्रत्येक जण मला उचलून वास घ्यायचा. इतक्या लोकांनी संशय घेतल्यावर माझ्यातही तो मुरला, यात नवल काय?

मला घरी आणलं ते बाबांनी. बाबा म्हणजे गब्दूचे बाबा. ते छापखान्यात काम करतात. हात कितीही धुतले तरी त्यांच्या अंगठ्याची शाई जात नाही, त्यामुळे मला शेवटचं कुणी धरलं होतं हे त्या घरात कधी लपून राहत नसे. गब्दू तेव्हा आठ महिन्यांची होती. गुबगुबीत, मनगटाला वळ्या, हनुवटीखाली वळ्या. तिचं खरं नाव कागदावरच राहिलं.

तिने मला दोन्ही हातांनी धरलं, माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि प्यायला लागली. तिच्या नजरेत संशय नव्हता. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. मी तिथेच विरघळले.

पुढचं वर्ष सुखाचं गेलं. खोटं कशाला बोलू? झोपताना मी, उठताना मी, रडताना मी. गब्दूची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती सकाळी बाहेर पडली की दिवसभर गब्दूजवळ आजोबा आणि मी. आजोबांची तीस वर्षं दूध केंद्रावर दूध तपासण्यात गेली. पाणी घातलेलं दूध घेऊन आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी रांगेतून बाहेर काढलं होतं. त्यामुळे जगातल्या सगळ्या दूधवाल्यांकडे ते डोळे बारीक करूनच पाहायचे. आमचं चांगलं जमायचं.

गब्दूला दीड वर्ष होऊन गेलं आणि एक दिवस तिघेही तिला दवाखान्यात घेऊन गेले. पिशवीत मीही होते. तिथल्या नर्सबाईंनी तिचे दात पाहिले, मग पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. तपासनीस बाईंचीच.

"आता बाटली बंद करायची," त्या म्हणाल्या. "दात किडतात, आणि सारखं दूध पीत राहिली की जेवत नाही. एकदम नका तोडू. बाटलीतल्या दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत जा. पेल्यातलं दूध मात्र चांगलं द्या. दोन आठवड्यांत तिलाच बाटली नकोशी होईल."

"मी बघते ते," आई म्हणाली.

"हो, हो," आजोबा म्हणाले.

"तू सांगशील तसं," बाबा म्हणाले.

तिघेही जरा जास्तच पटकन हो म्हणाले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

त्याच संध्याकाळी घरात एक पेला आला. पिवळाधमक, दोन कान असलेला, डोक्यावर झाकण. ओट्यावर माझ्या शेजारी इतका साळसूदपणे बसला की मी रात्रंदिवस त्याच्यावर नजर ठेवायचं ठरवलं. माझी जागा घ्यायला आलाय, हे सांगायला काही ज्योतिषी नको होता.

आता नीट ऐका, कारण पुढचं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या पोटातून जात होतं म्हणून मला ठाऊक होतं.

सकाळी दूध तापलं की आई वाटीभर चांगलं दूध पेल्यासाठी बाजूला काढायची आणि उरलेल्या भांड्यात पाणी ओतायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आजोबांच्या डोळ्यांदेखत दुधात पाणी घालायची तिची छाती नव्हती. शिवाय आजोबा नातीपुढे विरघळतात, त्यांच्या हातून हे व्हायचं नाही, अशी तिला खात्री होती.

आई कामावर गेली की आजोबा त्या भांड्यातून मला भरायचे. आईचं मन मोठं मऊ, ती काही पाणी घालणार नाही, असा त्यांचा अंदाज. मग ते दाराकडे पाहायचे, खिडकीकडे पाहायचे, आणि माझ्या अंगावरच्या रेघा मोजत हळूच नळाखाली धरायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी पकडलेला माणूस!

संध्याकाळी बाबांची पाळी. घरातली दोन्ही माणसं हळवी, तेव्हा हे अप्रिय काम आपल्यालाच केलं पाहिजे, अशी त्यांची ठाम समजूत. तेही पाणी घालायचे. शाईचा अंगठा जिथे पडे, त्याच्या वरपर्यंत पाणी.

रोज प्रत्येकाचं पाणी थोडं थोडं वाढत होतं. बाईंनी तसंच सांगितलं होतं ना.

आणि गब्दू? ती पीत होती. हेच कुणी धरून चाललं नव्हतं. दूध पातळ झालं, मग निळसर झालं, मग त्याला दूध म्हणणं म्हणजे थट्टाच झाली, पण तिने मला सोडलं नाही. उलट जास्तच मागायला लागली. दिवसाला सहा सहा बाटल्या. पेला पुढे केला की तोंड फिरवायची. ती वाटी शेवटी शेजारच्या मांजरीच्या पुढ्यात जायची. मांजर चांगलीच बाळसं धरू लागली.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी त्या पिवळ्या पेल्याकडे पाहून मनात म्हणायचे, बघ, हिला दूध नकोय, हिला मी हवी आहे.

महिन्याभराने दवाखान्यात वजन केलं. काटा खाली आला होता. नर्सबाईंनी तिला उतरवून पुन्हा ठेवलं. तेच.

"जेवते का?" त्यांनी विचारलं.

"घासभर. पण दूध भरपूर पिते हो," आई म्हणाली. "दिवसभर दूधच पिते."

"पंधरा दिवसांनी परत आणा. वजन वाढलं नाही तर रक्त तपासू."

घरी परतताना गब्दूचं झबलं खांद्यावरून घसरत होतं आणि आई ते पुन्हा पुन्हा वर ओढत होती. मनगटावरच्या वळ्या गेल्या होत्या. मी इतके दिवस तिच्या हातात होते, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मला धुता धुता बाबा थांबले. "एक गोष्ट सांगू? हल्ली ही बाटली नुसत्या पाण्याने विसळली तरी लख्ख होते. पूर्वी घासून घासून हात दुखायचे. दुधाला स्निग्धपणाच नाही."

आपण स्वतः थोडं पाणी घालतो हे त्यांना माहीत होतं, पण थोडंच. बाकीच्या दोघांनाही आपापलं थोडंच माहीत होतं.

आजोबा ताडकन उठले. "दूधवाला! मला वाटलंच होतं. फार गोड बोलतो तो."

आणि मी? मला सगळं माहीत असून मी खूश झाले. संशय दुसऱ्या कुणावर जातोय ना, मग जाऊ दे. ही गोष्ट सांगताना आज माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी कपाटातून आपली जुनी काचेची नळी काढली. खाली जड फुगा, वर रेघा. दुधात सोडली की चांगल्या दुधात वर तरंगते, पाणी असेल तर खाली बुडते. दूधवाला दारात आला. मध्यम वयाचा, कानटोपी घातलेला माणूस, गब्दूला रोज "काय गब्दूशेठ" म्हणणारा. आजोबांनी त्याच्यादेखत उभ्या भांड्यात दूध ओतलं आणि नळी सोडली.

नळी ताठ उभी राहिली. दूध चोख होतं.

"आज बरोबर आणलंस," आजोबा म्हणाले.

"म्हणजे?" दूधवाल्याचा चेहरा उतरला. "काका, बावीस वर्षं याच गल्लीत दूध घालतोय. कुणी असं बोललं नाही."

"पोरीचं वजन घटतंय. दिवसभर तुझं दूध पिते आणि वजन घटतंय. मी काय समजू?"

दूधवाल्याने आई-बाबांकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग त्याने जमिनीवर बसलेल्या गब्दूकडे पाहिलं. तिच्या तोंडात मी होते, कालच्या भांड्यातल्या उरलेल्या दुधाने भरलेली.

"काका, दारातलं तपासलंत. आता घरातलं तपासा," तो शांतपणे म्हणाला. "ती काय पितेय ते."

आजोबांनी मला तिच्या हातातून घेतलं. ती किंचाळली. त्यांनी मला भांड्यात रिकामी केली आणि नळी सोडली.

नळी टक्कन तळाला टेकली.

आजोबा वाकून पाहतच राहिले. असं दूध त्यांनी तीस वर्षांत केंद्रावरसुद्धा पाहिलं नसेल. मग ते हळूच म्हणाले, "मी घालायचो. पण फक्त दोन रेघा."

"तुम्ही?" आई म्हणाली. "अहो, मी सकाळीच निम्मं पाणी घालून ठेवते!"

"निम्मं?" बाबा म्हणाले. "आणि त्याच्यावर मी संध्याकाळी..."

गब्दू माझ्यासाठी रडत होती. आईने तिला उचलून घट्ट धरलं आणि तीही रडायला लागली. "उपाशी ठेवलं रे आपण हिला. पोटभर पाणी पाजून उपाशी ठेवलं."

ते वाक्य तिने घरच्यांना उद्देशून म्हटलं. पण उपाशी ठेवलं ते माझ्या तोंडून. तिने मला सोडलं नाही म्हणून मी मिरवत होते, आणि तिला मिळत काय होतं? पाणी.

दूधवाला निघून गेला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण तो उंबऱ्यातच घुटमळला. "ताई, एक विचारू? तुमच्या घरात पेल्यातून दूध पितं कोण?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबा कोरा चहा पितात. आईला दुधाचा वास सहन होत नाही. बाबा नुसतं पाणी पितात. गब्दूने जन्मात कुणाला पेल्यातून दूध पिताना पाहिलंच नव्हतं.

"एक पेला द्या. साधा."

आईने पाणी प्यायचा साधा पेला दिला. दूधवाल्याने त्यात अर्धा पेला दूध ओतलं, दारातच खाली बसला आणि चवीने प्यायला. मिशीला पांढरं लागलं. गब्दूचं रडणं थांबलं. तिने आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याच्या मिशीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "मना. मना पन."

आईने पेल्यात घोटभर दूध ओतून तिच्या ओठाला लावलं. अर्धं झबल्यावर सांडलं. अर्धं पोटात गेलं. तिने ओठ चाटले आणि पुन्हा म्हणाली, "मना."

पिवळा पेला आपले दोन कान घेऊन ओट्यावर तसाच बसला होता. मी महिनाभर भलत्यावरच पाळत ठेवली होती.

आजोबांनी दूधवाल्यापुढे हात जोडले. "चुकलो. माफ कर." तो नुसतं "राहू द्या हो काका" म्हणाला आणि सायकलवर बसला. पुढचे आठ दिवस आजोबा, आई, बाबा, तिघेही सकाळी गब्दूसमोर बसून पेल्यातून दूध प्यायले. आई नाक दाबून प्यायची. पंधरा दिवसांनी काटा वर गेला. थोडासाच, पण वर.

मला धुऊन, पुसून ओट्याखालच्या खणात ठेवलं. बाबा टाकूनच देणार होते. आई म्हणाली, "असू दे, कधी लागली तर." तेव्हापासून मी 'कधी लागली तर' या तीन शब्दांवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवून आहे.

काल दुपारी गब्दूला ताप होता. पेला पुढे केला की ढकलून द्यायची. आईने खण उघडला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. खरं सांगते, माझं मन अजून सुधारलेलं नाही. मला पुन्हा तोच आनंद झाला. गब्दू मला विसरली नाही, असं वाटलं. आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली.

"काय शोधतेस गं?" आजोबांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि तिने खण लावला. पण पूर्ण नाही. बोटभर फट राहिली आहे.

त्या फटीतून मला गब्दूचे पाय दिसतात. ती घरभर फिरते आणि अधूनमधून इथे येऊन थांबते. म्हणून म्हणते, कुणीतरी तो खण नीट लावा, किंवा मला सरळ उचलून घराबाहेर द्या. तिने हात पुढे केला तर मला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.