एकाच कपाटातले पासपोर्ट

स्वरालीला सोमवारी शाळेच्या वादविवादात बोलायचं होतं. स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवले असतील, तर त्याचं लिखाण मानायचं का, असा विषय होता. दर शनिवारी मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावी तिच्या घरी शिकवायला जातो; ती मला आजोबा म्हणते. तिचे वडील गिरीश समोर लॅपटॉप घेऊन बसले होते. आत विमलाबाई पोळ्या लाटत होत्या. घरकामासाठी या कुटुंबानेच त्यांना नागपूरहून आणलं होतं. आई आजारी म्हणून त्यांना घरी जायचं होतं, आणि गिरीश दर वेळी म्हणत, "प्रोजेक्ट संपू दे."

"आजोबा, तो हुशार होता ना? मग त्याला दिसलं कसं नाही?"

"त्याच्या जागी बसून बघ. शेअर तुझे आहेत. गुलाम नेणारं जहाज तू कधी पाहिलेलं नाहीस."

"मी म्हणणार, मी तर कुणाला मारत नाही. माझ्या घरात सगळे हॅपी."

गिरीश हसले. "वकील होणार ही."

"पण ते हॅपी लोक हवं तेव्हा सोडून जाऊ शकतात का? टेस्ट हीच ना?" स्वरालीने मला विचारलं.

"चांगली कसोटी आहे," मी म्हणालो. "कुणाला तरी लावून बघ."

मला तिच्या टिपणांतलं कुणीतरी अभिप्रेत होतं. तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"बाबा, मावशीचा पासपोर्ट कुठे आहे?"

लाटण्याचा आवाज थांबला.

"कपाटात. सगळ्यांचे एकत्रच असतात, बेटा. मावशी घरचीच आहे."

"मग किल्ली फक्त तुझ्याकडे का?"

"हरवू नये म्हणून." गिरीश माझ्याकडे वळले. "काका, हे तुम्ही शिकवलंत?"

मूल विचार करत असताना मध्ये बोलायचं नाही, ही माझी सवय. त्या दिवशी ती जड गेली.

विमलाबाई दारात आल्या. हात पिठाचे. "भाऊ, मी पळून नाही जाणार. आईला बघून येईन. आणि नाही आले, तर ते माझं मी ठरवीन."

"अहो, पण आमचं इथे कसं चालणार?"

स्वराली हळूच म्हणाली, "बाबा, हे माझ्या नोट्समध्ये आहे. गुलाम ठेवणारे मळेवाले असंच म्हणायचे."

गिरीशचा चेहरा उतरला. ते उठले. आत किल्ली फिरल्याचं ऐकू आलं. त्यांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला, पण वरचा हात तसाच राहिला.

विमलाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"बाबा, हात," स्वराली म्हणाली.

त्यांनी हात उचलला. विमलाबाईंनी पासपोर्ट कमरेला खोचला आणि तव्याखालचा गॅस बंद करायला आत गेल्या.